‘कोणत्या टीममध्ये आहे तो?’: क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई.



२ मार्च २०२५, रविवार. विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर रणजी करंडक जिंकला. तिसऱ्यांदा, आणि तोही घरच्या अंगणात, जामठ्याला. सोमवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या नेहमीच्या टपरीवर तर्री-पोहे खायला थांबलो, तेव्हा मान अजून आदल्या दिवसाच्या उन्हानं भाजलेली होती. शेजारी अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा प्लेट घेऊन उभा. अंगात पिवळी जर्सी, पाठीवर ७ आकडा. क्रिकेटमधला दिसतो, म्हणून मीच बोलायला सुरुवात केली.

‘‘हर्ष दुबेनं कमाल केली राव. एका हंगामात ६९ बळी. आजवर रणजीत कोणालाच जमलं नव्हतं.’’

‘‘कोणत्या टीममध्ये आहे तो?’’

‘‘आपल्याच. विदर्भाच्या.’’

‘‘तसं नाही काका. आयपीएलची टीम विचारतोय.’’

‘‘सध्या तरी कोणत्याच नाही.’’

‘‘मग?’’ असं म्हणून त्यानं पोह्यांवर आणखी तर्री मागून घेतली.

पोरगा उद्धट नव्हता. त्याचा प्रश्न त्याच्या जागी अगदी बरोबर होता. पण तो ‘मग?’ माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हीच देऊ शकाल असं वाटल्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

आधी ६९ म्हणजे किती ते सांगतो. अर्थात तुम्हाला ठाऊक असणारच, पण पत्र खुलं आहे, चार लोक वाचतील. बिशनसिंग बेदींनी १९७४-७५च्या हंगामात ६४ बळी घेतले. तो विक्रम चार दशकांवर टिकला. बिहारच्या आशुतोष अमननं २०१८-१९मध्ये ६८ घेऊन तो मोडला. आणि आमच्या डावखुऱ्या फिरकीपटूनं केरळच्या पहिल्या डावात त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. मी मैदानात होतो. टाळ्या वाजल्या, नाही असं नाही. पण वरच्या मजल्यावर ओळीनं रिकाम्या खुर्च्या, आणि माझ्या पुढच्या रांगेतले दोघं मोबाइलवर जुन्या षटकारांच्या क्लिपा पाहत बसलेले. टाळ्या कशासाठी, हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

त्याच सोमवारी बातमी आली, पद्माकर शिवलकर गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. बेदींच्या काळात जन्मले आणि डावखुरी फिरकीच टाकत राहिले, हा त्यांचा दोष. माझ्या वडिलांनी शिवलकरांना प्रत्यक्ष खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. आम्ही नागपूरचे, ते मुंबईचे. तरी आमच्या ओसरीत लिंबू हातात घेऊन बाबा शिवलकरांच्या टोपणनावानं ‘हा बघ पॅडी’ म्हणत हात फिरवायचे आणि लिंबू आईच्या तुळशीत जाऊन पडायचं. १९७३च्या रणजीच्या अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले, हे आकडे बाबांना पाढ्यांसारखे पाठ. कुठून कळलं? रेडिओवरून, आणि रणजीचे पूर्ण धावफलक छापणाऱ्या मराठी पेपरांतून. वि. वि. करमरकरांसारखा माणूस क्रीडापान सांभाळत होता, बाळ ज. पंडित मराठीतून सामना कानात ओतत होते. भारताची टोपी कधीच न मिळालेला माणूस सातशे-आठशे किलोमीटरवरच्या एका कारकुनाच्या घरातला झाला होता. आज टोपी मिळालेल्यांपैकी किती जण असे कोणाच्या ओसरीत पोचतात?

लोक म्हणतील, नागपूरच्या माणसाला क्रिकेटच्या प्रसिद्धीचं काय पडलंय. तर या धंद्याची सुरुवातच आमच्या गावच्या माणसापासून आहे. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. १९२६मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीला ११ षटकार ठोकून १५३ धावा केल्या, आणि १९४१मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत झळकले. मालाच्या जाहिरातीला नाव देणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचंच नाव घेतात. औषधवाल्याला दुसरा कोणी का सुचला नाही? कारण ते षटकार न पाहिलेल्या माणसालाही नायडू माहीत होते. आधी नाव घरोघर गेलं, मग बाटली गेली. हल्ली क्रम उलटा झालाय असं मला वाटतं. आधी किंमत जाहीर होते, मग नाव कळतं. कधी कधी नाव कळतच नाही, नुसती किंमत कळते.

नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाला लिलाव झाला, ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. त्यानंतर आमच्या कॉलनीत कित्येक दिवस त्याचा उल्लेख ‘तो सत्तावीसवाला’ असाच होत होता. हा तर पंत, गाबावर सामना जिंकून दिलेला, मरणाच्या दारातून परत आलेला खेळाडू! बाकीच्यांचं काय होत असेल? पुण्याचा माझा भाचा तर खेळाडूंना फँटसी ॲपमधल्या क्रेडिटवर ओळखायचा. ‘हा साडेआठचा, तो नऊचा.’ ऑगस्ट २०२५मध्ये कायदा आला आणि पैशांची ती ॲपं बंद पडली, तेव्हा भाच्याचं निम्मं क्रिकेटज्ञान एका रात्रीत गेलं. आमच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव होतो. ढीग लागतो, बोली चढते, ढीग उचलला जातो. कोणत्या बागेतलं, कोणत्या झाडाचं, हे विचारत बसायला तिथे कोणाला सवड नसते, आणि संत्र्याचीही काही तक्रार नसते. माणसाचा ढीग लावला तर एवढं सोपं राहत नाही. अजिंक्य रहाणेनं मुंबई, राजस्थान, पुणे, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता एवढ्या संघांचे रंग अंगावर चढवले. त्याच्यावर प्रेम करायचं तर कपाटात किती जर्स्या ठेवायच्या?

मी पैशाच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून टाकतो. शिवलकरांच्या पिढीला जे मिळालं ते आठवलं की लाज वाटते. आज रणजीतला खेळाडू अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये कमावतो, हे मंडळानं केलेलं चांगलं काम आहे. आणि जुन्या दूरदर्शनची आरती ओवाळायचीही माझी इच्छा नाही. ऐन रंगात आलेला सामना तोडून बातम्या लावणारं, प्रक्षेपणासाठी मंडळाकडूनच पैसे मागणारं ते खातं. १९९३च्या हिरो कपवरून भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९५मध्ये निकाल लागला की हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, जनतेच्या आहेत. तुम्ही मोकळे झालात. त्या मोकळीकीचं पुढे काय झालं ते आकड्यांत आहे: २०२३ ते २०२७चे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामन्याला सरासरी ११८ कोटी. मी हिशेब केला, चाळीस षटकं पूर्ण झाली तर चेंडूमागे ४९ लाखांच्या आसपास.

पण लहरी जनतेच्या आहेत म्हटलं, त्याचं काय? २००७चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की ते प्रक्षेपण दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांकडे जाऊ द्यायचं नाही. कायद्याच्या दृष्टीनं बरोबरच असेल. व्यवहारात मात्र ज्यानं पैसे भरले तो पाहणार, ज्यानं फ्री डिश लावली तो थोडं पाहणार, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तीस सेकंदांचा तुकडा पाहणार. तीस सेकंदांत षटकार कळतो. मारणारा कळत नाही.

तो कसा कळतो, हे मला ३१ ऑक्टोबर १९८७ला कळलं. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर विश्वचषकातला न्यूझीलंडविरुद्धचा सामना. आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून सदरमध्ये मामांच्या शेजाऱ्यांकडे गेलो. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, दारात चपलांचा ढीग. मैदान इतकं जवळ की आरडाओरडा आधी खिडकीतून येतो की टीव्हीतून, यावर आम्हा पोरांच्या पैजा. चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली. मग सुनील गावसकर आला, अंगात ताप, आणि आयुष्यभर संथ म्हणून हिणवला गेलेला हा माणूस ८८ चेंडूंत नाबाद १०३ करून गेला. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं एकमेव शतक. माझ्या आजीला पायचीत म्हणजे काय ते शेवटपर्यंत समजलं नाही. ती मागे भिंतीला टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, ‘‘अरे, सुनीलला ताप आहे म्हणतात ना? मग त्याला कोणीतरी बसू द्या की घटकाभर.’’

माझ्या लेखी प्रसिद्धी म्हणजे हे. खेळ न कळणाऱ्या बाईला खेळाडूच्या तापाची काळजी वाटणं. ती काही त्या एका दिवसात उपजली नव्हती. सोळा वर्षं तो तिच्या घरात येत-जात होता, आधी रेडिओतून, मग पडद्यावरून. पाच-पाच दिवस, कधी नुसताच उभा.

एक प्रयोग करून पाहा. टीव्हीवरच्या जाहिराती नीट बघा. धोनीनं ऑगस्ट २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, सचिननं २०१३ला, द्रविडनं २०१२ला. कपिलदेवचा जमाना तर त्याच्याही आधीचा. तरी माल विकायला अजून हीच मंडळी येतात. २०२१मध्ये राहुल द्रविड गाडीच्या छतातून वर येऊन, बॅट फिरवत, आपण इंदिरानगरचे गुंड आहोत असं ओरडत होता. सगळा देश हसला. पण तो विनोद कळायला द्रविड आधी सोळा वर्षं शांत दिसावा लागतो. आज भारताकडून खेळणाऱ्या अकरा जणांपैकी कितींवर असा विनोद रचता येईल? त्यांचे स्वभाव आपल्याला कुठे माहीत आहेत? जाहिरातवाले भाबडे नसतात. त्यांना नेमकं ठाऊक असतं कोणता चेहरा न सांगता ओळखला जातो. ते निवृत्त माणसांकडे जातात, यातच बाजारभाव आला.

विराट कोहलीच्या इन्स्टाग्रामचा आकडा तुमच्या कार्यालयातून मला कोणीतरी तोंडावर फेकेल, याची कल्पना आहे. मान्य. तो आणि रोहित, दोघंही आधी कधी झालं नाही एवढे मोठे झाले. पण मी शिखराबद्दल बोलत नाही, पायऱ्यांबद्दल बोलतो आहे. जानेवारी २०२५मध्ये कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, तर सामन्याला हजारोंनी लोक लोटले. रेल्वेच्या हिमांशू सांगवाननं त्याचा ६ धावांवर त्रिफळा उडवला आणि थोड्याच वेळात स्टँड रिकामे झाले. सामना चालूच होता. मैदानात बावीस खेळाडूंपैकी पाहण्याजोगा एकच होता, तो गेला, संपलं. कोहलीनंतर ते हजारो लोक कोणासाठी येणार आहेत?

आता इंग्लंडची गोष्ट सांगतो, आणि ती सांगायचा हक्क मला आहे, कारण तिची सुरुवात मी नागपुरात पाहिली. १ मार्च २००६. त्याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर इंग्लंडकडून एक एकवीस वर्षांचा सलामीवीर कसोटीत पदार्पण करत होता. वेस्ट इंडीजमधल्या ‘अ’ संघाच्या दौऱ्यावरून त्याला घाईघाईनं बोलावून घेतलेलं. पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. नागपुरी ऊन डोक्यावर घेऊन पोरगा न थकता उभा होता. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘हा फार वर्षं खेळेल हो.’’ खेळला. ॲलिस्टर कूकनं २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं तेव्हा कसोटीत १२,४७२ धावा होत्या, इंग्लंडकडून तोवर कोणीच तेवढ्या केल्या नव्हत्या.

नेमक्या त्याच २००६च्या उन्हाळ्यापासून इंग्लंडच्या मंडळानं घरच्या कसोटींचं थेट प्रक्षेपण पैसे भरून पाहायच्या वाहिनीकडे नेलं. आदल्या वर्षीची ॲशेस फुकटच्या चॅनेल फोरवर होती. ट्रेंट ब्रिजची कसोटी ऐन रंगात असताना ८४ लाख लोक ती पाहत होते, आणि फ्लिंटॉफला दूधवालाही ओळखत होता. मंडळाला नवे पैसे मिळाले, मैदानं सुधारली, खेळाडूंचे करार वाढले. आणि काही वर्षांनी तिकडच्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीत आढळलं की आपल्या देशाचा कर्णधार कूक याच्यापेक्षा जास्त मुलांनी अमेरिकेतला नाटकी कुस्तीवाला जॉन सीना ओळखला. बारा हजार धावा! पुढे २०१९च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लॉर्ड्सवर इंग्लंडच खेळतंय म्हटल्यावर त्याच वाहिनीनं तो फुकट दाखवायला परवानगी दिली. एका दिवसाची खिडकी उघडली. तोवर एक पिढी दुसरीकडे पाहायला शिकली होती.

आपल्याकडे असं होणार नाही, इथे क्रिकेट धर्म आहे, वगैरे कृपा करून सांगू नका. हॉकीबद्दलही आमचे आजोबा असंच काहीसं बोलायचे.

उलट, खिडकी सताड उघडली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत पावसानं रखडलेला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना रात्री उशिरापर्यंत चालला, हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या भाजीवालीला दीप्ती शर्मा माहीत होती. जेमिमाच्या उपांत्य सामन्यातल्या १२७ धावांबद्दल ती मला सांगत होती, मी तिला नाही. कोणाची किंमत किती, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी, एकच गोष्ट, पुरता वेळ देऊन पाहिली, एवढंच झालं होतं. त्या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार, हाही भारताकडून कधी न खेळलेला रणजीचा माणूस. मुंबईकरांना मात्र तो तीस वर्षं घरच्यासारखा ठाऊक आहे, कारण त्याचं नाव त्यांच्या रोजच्या पेपरात येत होतं.

तेव्हा मागणं एकच आहे. रणजी करंडक दूरदर्शनला देऊन टाका. विकू नका, द्या. सह्याद्रीवर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भाचे सामने रोज सकाळी साडेनऊला लागू देत, मराठी समालोचनासह. आयपीएलला मराठी समालोचक मिळतात तर रणजीलाही मिळतील. आकाशवाणीला सांगून नागपूर केंद्रावर दिवसाचं शेवटचं सत्र तरी ऐकवा. चार कॅमेरे असले तरी चालतील. ड्रोन, बोलणारे स्टंप, त्यातलं काही नको. आयपीएलमध्ये गोलंदाजाच्या वाट्याला चोवीस चेंडू येतात. रणजीचा फिरकीपटू कधी एका दिवसात दोनशे चेंडूही टाकतो. तेवढ्यात माणूस कळतो. चौकार बसल्यावर तो फलंदाजाकडे पाहतो की स्वतःच्या बोटांकडे, हे कळतं. हंगामाचे दोन तुकडे करून मध्ये झटपट स्पर्धा घुसवल्या आहेत, तेही जमलं तर पुन्हा सांधा. नोव्हेंबरमध्ये तुटलेली गोष्ट जानेवारीत पुढे वाचायची तर मागचं प्रकरण आठवत नाही.

आणि शक्य असेल तिथे सामने गावात घ्या. जामठा देखणं आहे, पण वर्धा रोडनं एवढ्या लांब जाऊन मंगळवारी दुपारी रणजी कोण बघणार? सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान अजून शाबूत आहे. शाळा सुटल्यावर सायकलवर येऊन शेवटचा तास बघता येतो, आम्ही बघायचो. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११मध्ये विदर्भाच्या संघातून पुढे आलेला पहिला कसोटीपटू झाला, त्यानंतर इथल्या प्रत्येक मैदानावर लांबलचक रनअप घेऊन धावत येणारी पोरं दिसायला लागली. डावखुरी फिरकी टाकणारी अजून दिसली नाहीत.

आमच्या गावचे शशांक मनोहर दोनदा तुमच्या खुर्चीवर बसून गेले, त्यामुळे त्या खुर्चीला काय करता येतं आणि काय नाही, याचा थोडा अंदाज आम्हा नागपूरकरांना आहे. हे करता येतं.

आपला,
एक प्रेक्षक, नागपूर

ता. क. : टपरीवर आता बदल आहे. रणजीच्या अंतिम सामन्यानंतर काही आठवड्यांनी आयपीएलच्या हैदराबाद संघानं हर्ष दुबेला बदली खेळाडू म्हणून घेतलं. पिवळ्या जर्सीवाला पोरगा परवा भेटला तर स्वतःहून म्हणाला, ‘‘काका, तुमचा तो घेतला ना!’’ ‘तुमचा’ म्हणाला. टपरीवाल्या भाऊंनी भिंतीवर किराणा दुकानाच्या कॅलेंडरशेजारी जागा करून ठेवली आहे. पुढच्या हंगामाचं विदर्भाचं वेळापत्रक मराठीत छापलेलं असेल तर एक प्रत पाठवा. मोठ्या अक्षरात असेल तर बरं, तर्रीचे शिंतोडे उडतात.